वहीत उतरवलेले खांडेकर

पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी १९६३ साली भालचंद्र नेमाडे या पंचविशीतल्या तरुणाची ‘कोसला’ छापली. वि. स. खांडेकरांची पुस्तकेही देशमुखांनीच काढलेली. ‘ययाति’ येऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला होता आणि गावोगावच्या वाचनालयांतून ती हातोहात फिरत होती. एका कादंबरीत हस्तिनापूरचा राजा आपल्या सुखदुःखाचा हिशेब उपमा-दृष्टांतांनी नटलेल्या भाषेत मांडतो. दुसरीत खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहातले दिवस तुटक, बोलक्या भाषेत सांगतो. ज्याला पांडुरंगाची भाषा आपली वाटली त्याला ययातीची भाषा सोसेना, आणि उलटही तितकेच खरे होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मराठी वाचकाला त्याची आवड विचारली की बहुतेकदा या दोहोंपैकी एक नाव पुढे येई आणि दुसऱ्याचा निषेधही त्यातच होऊन जाई.

खांडेकरांविषयी मराठी वाचकांत दोन तट पडले, त्याची कहाणी मात्र ‘कोसला’हून तीस वर्षे जुनी आहे. लेखक लोकांना आवडतो आणि समीक्षकांना आवडत नाही, एवढ्यावर ती संपत नाही. खांडेकरांवर जीव टाकणारे वाचक आणि त्यांना नाके मुरडणारे टीकाकार, दोघांचीही नजर एकाच गोष्टीवर खिळलेली होती. ती म्हणजे त्यांचे वाक्य.

खांडेकरांचा जन्म १८९८चा, सांगलीचा. मूळ नाव गणेश आत्माराम. पुढे दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकायला पुण्याला आले आणि तिथे राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानत. कोटी, कल्पना आणि अलंकार यांवर पोसलेली ही घराणी. एकाच वाक्यात दोन अर्थ झळकले पाहिजेत, वाक्य टाळी घेणारे हवे, ही शिस्त खांडेकरांनी तिथून उचलली.

मग १९२० साली हा तरुण वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला शिक्षक म्हणून गेला आणि १९३८पर्यंत तिथेच राहिला. शिरोडे हे मिठागरांचे गाव. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात कोकणातले एक मोठे ठाणे तिथेच उभे राहिले आणि त्याच वर्षी खांडेकरांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली. कोकणातले दारिद्र्य, सावकारी, मनिऑर्डरींवर चालणारी घरे आणि शाळेत येणारी अर्धपोटी मुले त्यांनी अठरा वर्षे जवळून पाहिली. शिरोड्याने दिलेली तळमळ आणि कोल्हटकर-गडकऱ्यांकडून आलेली नटवी भाषा, या दोन धाग्यांचे वस्त्र म्हणजे खांडेकरांची कादंबरी. कुणाला त्यातला पहिला धागा दिसला, कुणाला दुसरा.

‘कांचनमृग’, ‘दोन ध्रुव’, ‘उल्का’, ‘हिरवा चाफा’, ‘रिकामा देव्हारा’ अशी पुस्तके भराभर आली. त्यांतला नायक किंवा नायिका सुखवस्तू आयुष्याकडे पाठ फिरवून समाजाकडे वळते. प्रेम आणि ध्येय यांची ओढाताण होते आणि बहुधा ध्येयाच्या पायी काहीतरी गमवावे लागते. गांधी आणि समाजवाद यांच्या मध्ये उभ्या असलेल्या तिशीच्या दशकातल्या तरुणांना हे आपलेच चित्र वाटले. जी वाचत नव्हती त्या माणसांपर्यंत खांडेकर पडद्यावरून पोचले. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी लिहिलेला ‘छाया’ १९३६ साली आला, पाठोपाठ ‘ज्वाला’, ‘देवता’ आणि ‘अमृत’.

याच काळात ना. सी. फडके लोकप्रियतेच्या शिखरावर होते. ‘प्रतिभासाधन’ या १९३१च्या पुस्तकात त्यांनी कादंबरीचे तंत्र सांगितले: सुरुवात कशी करावी, गुंतागुंत कशी वाढवावी, वाचकाला कसे धरून ठेवावे. कलेने दुसऱ्या कशाची चाकरी करू नये, हे त्यांचे म्हणणे. खांडेकर म्हणत, कला जीवनासाठी. मराठीतला हा सर्वांत गाजलेला वाङ्मयीन वाद. योगायोग असा की फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत होते आणि १९३८ साली खांडेकरही शिरोडे सोडून कोल्हापूरलाच आले. दोन्ही पक्षांचे म्होरके एकाच गावात राहत होते. साहित्य संमेलनानेही त्यांना पाठोपाठ मान दिला. १९४० साली रत्नागिरीला अध्यक्ष फडके, १९४१ साली सोलापूरला खांडेकर.

फडक्यांची कादंबरी वाचक एका दमात वाचून संपवी आणि परत करी. खांडेकरांची कादंबरी वाचताना तो शेजारी पेन्सिल ठेवी. आवडलेले वाक्य वहीत उतरवून घेण्याची ही रीत मराठीत खोलवर रुजलेली होती. संस्कृत सुभाषिते पाठ करणे, मोरोपंतांच्या आर्या म्हणणे, कीर्तनात ऐकलेली ओवी घरी येऊन टिपून ठेवणे, हे सारे आधीच्या पिढ्यांनी केले होते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा ‘सुभाषितरत्नभांडागार’ शिक्षकांच्या आणि शास्त्रीबुवांच्या घरी असे. खांडेकरांनी या सवयीला गद्य पुरवले, तेही चालू काळातले, प्रेमाविषयी, त्यागाविषयी, मैत्रीविषयी आणि दुःखाविषयी बोलणारे. त्यांची वाक्ये शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून चढली, निरोपसमारंभाच्या भाषणांत शिरली, प्रेमपत्रांत गेली. खलील जिब्रानच्या लेखनाचे मराठी रूप त्यांनी ‘सुवर्णकण’मध्ये दिले आणि स्वतः रूपककथा लिहिल्या. दोन्हींमुळे वाचकाच्या वहीशी जुळलेले हे नाते आणखी घट्ट झाले.

ही रीत हलकी मानण्याचे कारण नाही. ज्या मुलीला मॅट्रिकनंतर पुढे शिकू दिले नाही, जो कारकून दिवसभर खतावण्या लिहून घरी येतो, त्यांना आपल्या मनातले सांगायला शब्द हवे होते. ते त्यांना इथे मिळाले. वाचकाला स्वतःच्या दुःखाविषयी बोलता येणे हे साहित्याचे फार मोठे काम आहे आणि खांडेकरांनी ते चाळीस वर्षे केले.

पण याच वाक्यांनी टीकाकारांना शस्त्र दिले. खांडेकरांची सगळी पात्रे खांडेकरांसारखीच बोलतात, ही तक्रार फार लवकर सुरू झाली. प्राध्यापक, विधवा, क्रांतिकारक आणि मजूर अशा सगळ्यांच्या तोंडी तीच कल्पना, तोच दृष्टांत. तक्रार खरी आहे. समकालीन पुस्तके शेजारी ठेवली की ती अधिकच जाणवते. ‘रिकामा देव्हारा’ १९३९चा. त्याच साली विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ आले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून परतणाऱ्या जहाजावरची ती कथा कोरड्या, थंड वाक्यांत सांगितलेली आहे आणि तिच्यात उपदेशाचा एक शब्द नाही. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. आज मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिचे नाव पहिल्या काही नावांत येते. ‘क्रौंचवध’ १९४२चा, आणि त्याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला. नव्या मराठी गद्याची वाट खांडेकरांच्या शेजारूनच निघाली होती. लाखो वाचक मात्र अजून खांडेकरांबरोबर चालत होते.

डावीकडून वेगळी टीका झाली. लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’पासून मार्क्सवादी समीक्षा मराठीत उभी राहिली होती. त्या नजरेने पाहणाऱ्याला खांडेकरांच्या कथेतले गरीब दयेचे विषय वाटत. सुशिक्षित नायकाच्या मनातली घालमेल पुढे येते आणि गरिबाचे स्वतःचे म्हणणे मागे राहते. या आक्षेपाला खांडेकरांच्या वाचकांकडे उत्तर नव्हते. पण ज्यांनी शोषण हा विचार प्रथम एखाद्या कादंबरीत वाचला आणि मग चळवळीत पाऊल टाकले, अशा कित्येकांचे ते पहिले पुस्तक खांडेकरांचेच होते. ही गोष्टही त्याच हिशेबात धरावी लागते.

‘क्रौंचवध’नंतर खांडेकरांनी दहा वर्षांहून अधिक काळ नवी कादंबरी दिली नाही. कथा, निबंध आणि रूपककथा चालू होत्या. स्वातंत्र्य आले, ज्या ध्येयांवर त्यांचे नायक उभे होते त्यांची वाताहत होताना दिसू लागली, आणि १९५४ साली ‘अश्रू’ आली. तिचा नायक सामान्य शिक्षक आहे, पूर्वीच्या नायकांसारखा तेजाने झळाळणारा नाही. मग १९५९मध्ये ‘ययाति’.

‘ययाति’वरचा वाद आजवर चालू आहे आणि तो व्हायलाच हवा, इतके या पुस्तकात सामर्थ्य आहे. महाभारतातल्या ययातीने मुलाचे तारुण्य घेतले आणि हजार वर्षे भोगले. खांडेकरांनी त्या कथेचा सांगाडा घेतला आणि बाकीचे बरेच स्वतः रचले. ययाति, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. संजीवनी विद्या मिळवून मूळ कथेतून निघून जाणारा कच इथे अखेरपर्यंत येत राहतो आणि संयमाचा आदर्श होतो. ययातीचा थोरला भाऊ यति वैराग्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. स्वातंत्र्यानंतर भोगाच्या मागे लागलेल्या समाजाला खांडेकरांना आरसा दाखवायचा होता. तो हेतू त्यांनी स्वतःच पुस्तकाला जोडलेल्या मजकुरात उघड सांगितला आहे.

इथे वाचकांचे तीन-चार गट पडले. कुणी कचाचे विचार वहीत उतरवले. कुणाला कच कंटाळवाणा वाटला, पण ययातीच्या वासनेचे वर्णन त्यांनी चोरून, रात्री जागून वाचले. चाळिशीतल्या वाचकाला मृत्यूच्या भीतीने शरीरसुखाला कवटाळणारा राजा खरा वाटला. समीक्षकांतल्या अनेकांना कादंबरीवर प्रवचनाची छाया पडलेली दिसली. या सगळ्यांची मते त्या पुस्तकातून निघू शकतात. ज्या कादंबरीचा लेखक संयमाच्या बाजूने बोलू पाहतो तिचे सर्वांत जिवंत पान भोगाचे असावे, हा तिच्यातला ताण आहे, आणि तिच्या दीर्घायुष्याचे कारणही बहुधा तेच.

मोठा घोटाळा झाला तो वह्यांमुळे. ‘ययाति’ तिघे जण सांगतात आणि तिघेही स्वतःची बाजू मांडतात. ययाति तर पानोपानी स्वतःला फसवतो. स्त्रीविषयी, प्रेमाविषयी आणि सुखाविषयी तो जे ठासून बोलतो ते पुढच्या प्रकरणात खोटे ठरते. पण वहीत उतरवताना बोलणारा गळून पडला. ययातीने स्वतःच्या समर्थनासाठी काढलेला उद्गार खाली ‘वि. स. खांडेकर’ अशी सही घेऊन सुविचार झाला. मग एका बाजूच्या वाचकाने त्याला शहाणपण समजून जपले आणि दुसऱ्या बाजूच्या वाचकाने त्यावरून लेखकालाच बेगडी ठरवले. दोघांनीही पात्राचे बोलणे लेखकाच्या नावावर टाकले. आज फुलांच्या चित्रावर छापून मोबाइलवर येणारे खांडेकरांचे वाक्य हा त्याच वहीचा पुढचा अवतार आहे. ‘अमृतवेल’ या १९६७च्या कादंबरीतला भंगलेल्या स्वप्नांविषयीचा उतारा असाच कादंबरीपासून सुटून स्वतंत्र फिरतो आणि तो पाठ असणाऱ्या अनेकांनी मूळ पुस्तक उघडलेले नसते.

देवयानीचा प्रश्न आणखी वेगळा. खांडेकरांची देवयानी मानी, अहंकारी, पतीला प्रेम न देऊ शकणारी आहे आणि शर्मिष्ठा सर्वस्व अर्पण करणारी. जुन्या पिढीतल्या स्त्री-वाचकांनीही शर्मिष्ठेसाठी डोळे पुसले. पुढच्या पिढ्यांनी विचारले, फसवणूक झालेल्या बायकोचा राग हा दोष कसा? विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ १९३४ सालची, म्हणजे ‘उल्का’च्याच वर्षाची. नवऱ्याने टाकलेली स्त्री स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते, हे त्या पुस्तकाने तेव्हाच लिहून ठेवले होते. ते वाचलेल्या स्त्रीला त्यागमूर्ती शर्मिष्ठा पुरेशी वाटणे कठीण. हा आक्षेप न्याय्य आहे. त्याला जोडून एवढेच म्हणावे की देवयानीला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले तेही खांडेकरांनीच, आणि आजची वाचक तिची बाजू घेते ती बहुतेक तिच्याच निवेदनाच्या आधाराने. खांडेकरांच्या ‘ययाति’नंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ नाटक कन्नडमध्ये आले. त्यात बापाला तारुण्य देणाऱ्या पुरूची पत्नी चित्रलेखा सगळ्यांना जाब विचारते. एकच पुराणकथा, पण कार्नाडांचा प्रश्न होता की बापाच्या भोगाची किंमत पुढच्या पिढीने का मोजावी. १९६६ साली वि. वा. शिरवाडकर तथा कुसुमाग्रज यांचे ‘ययाति आणि देवयानी’ही रंगभूमीवर आले.

महाराष्ट्राबाहेर खांडेकरांचे नशीब अगदी निराळे होते. गुजरातीत गोपाळराव विद्वांसांनी आणि तमिळमध्ये का. श्री. श्री. यांनी त्यांच्या कादंबऱ्यामागून कादंबऱ्या नेल्या. १९४०च्या दशकात तमिळ घरांतून खांडेकर इतके वाचले गेले की अनेकांना ते आपलेच लेखक वाटत, असे सांगतात. ‘उल्का’ तिथे ‘एरिनट्चत्तिरम’ झाली. मराठीत ज्या अलंकारांवरून वाद होता ते अनुवादात बरेचसे पातळ होतात आणि कथा, माणसे, तळमळ एवढे उरते. कोल्हटकरी परंपरेचे ओझे त्या वाचकावर नव्हते आणि मर्ढेकर-नेमाड्यांशी तुलना करण्याचा प्रसंगही त्याच्यावर आला नाही. खांडेकरांकडे पाहण्याची ती एक मोकळी वाट होती. मराठी वाचकाला ती कधी मिळालीच नाही.

इकडे ‘कोसला’नंतर हवा पुरती पालटली. नेमाड्यांनी मराठी कादंबरीचा इतिहास ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या एकोणिसाव्या शतकातल्या तीन पुस्तकांपासून निघालेल्या प्रवाहांत मांडला. त्या मांडणीत फडके-खांडेकरांच्या काळाला मानाची जागा नाही. महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या एका पिढीने ती मांडणी उचलली. त्यामुळे असे झाले की घरी आईच्या कपाटात ‘अमृतवेल’ आणि वर्गात तिच्याविषयी मौन. साहित्याचा विद्यार्थी आपली पहिली आवड लपवू लागला. टीका कितीही योग्य असली तरी तिने वाचकाला त्याच्या पहिल्या वाचनाची लाज वाटायला लावली, हे चांगले झाले नाही.

दलित साहित्याने तर खांडेकरांचा मध्यमवर्गीय ध्येयवादच बाजूला सारला. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, ‘ययाति’च्याच वर्षी, त्यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ‘फकिरा’चा नायक कुणाच्या दयेवर जगत नाही. दुष्काळात आपल्या माणसांना जगवण्यासाठी तो धान्य लुटतो. खांडेकरांच्या जगाला इतके उलटे पुस्तक दुसरे नसेल. आणि त्या ‘फकिरा’ला प्रस्तावना आहे ती वि. स. खांडेकरांची.

इथे खांडेकरांची फारशी न बोलली जाणारी बाजू समोर येते: वाचक खांडेकर. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२ साली प्रसिद्ध झाला तो खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रकाशित केला म्हणून. कवी तेव्हा तिशीतला होता, नाव फारसे झालेले नव्हते. प्रस्तावनाही खांडेकरांनीच लिहिली. मराठीला पहिले ज्ञानपीठ, १९७४चे, खांडेकरांच्या रूपाने मिळाले, दुसरे, १९८७चे, कुसुमाग्रजांच्या. २०१४चे ज्ञानपीठ नेमाड्यांकडे गेले. जे वाचक खांडेकरांच्या कादंबऱ्यांना हात लावत नाहीत त्यांतले कितीतरी जण ‘विशाखा’ पाठ म्हणू शकतात.

ज्ञानपीठ घोषित झाले तेव्हा खांडेकरांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. वाचन कानांनी होई, लेखन दुसऱ्याला सांगून. १९७६ साली ते गेले. त्यांच्या मागे राहिलेले विखुरलेले लेखन, जुने लेख, मुलाखती आणि न छापलेली पाने डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी शोधून, संपादून पुस्तकरूपाने आणली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. मेहता पब्लिशिंग हाऊसच्या आवृत्त्यांतून ‘ययाति’ आणि ‘अमृतवेल’ अजूनही विकल्या जातात आणि पुस्तकप्रदर्शनांत कॉलेजातली मुले त्या उचलताना दिसतात. नव्याने उपलब्ध झालेल्या लेखनात खांडेकरांचे इतरांच्या पुस्तकांविषयीचे लेख आहेत. ते कादंबरीतल्यापेक्षा साध्या भाषेत लिहिलेले, दुसऱ्याचे गुण शोधणारे आहेत. ज्यांना खांडेकर नको वाटतात त्यांनी सुरुवात तिथून करून पाहावी, आणि त्याआधी ‘विशाखा’ची प्रस्तावना.